गाढव घेऊन जाणारा माणूस

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं आपल्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठून सांगितलं. वर म्हणाले, "बाई, तुम्ही इतिहासाच्या. सोसायटीचा इतिहास लिहा ना." सोसायटीचा इतिहास लिहायला जोशात असलेले आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि पाण्याच्या टाकीच्या वादात कोणाची बाजू खरी होती हे लिहायची माझी छाती नाही. म्हणून मी दुसरीच गोष्ट लिहितेय. ती घडली फार दूर, पण शेवटी येऊन थांबते आपल्याच गेटपाशी. तेवढा धीर धरून वाचावी ही विनंती.

दोन वर्षांपूर्वी मी मुलीकडे मेलबर्नला गेले होते. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं तिकडे आहेत, त्यामुळे तिकडची थंडी, स्वच्छ फुटपाथ आणि भेंडीचा भाव यावर मी काही सांगत नाही. एप्रिल महिना होता. एक दिवस नातू शाळेतून ओट्स आणि खोबऱ्याची बिस्किटं घेऊन आला. आपल्या नानकटाईची जरा टणक बहीण म्हणा. त्यांना ॲन्झॅक बिस्किटं म्हणतात. २५ एप्रिल हा त्यांचा ॲन्झॅक दिवस, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. त्या निमित्ताने वर्गात बाईंनी एक गोष्ट सांगितली होती, ती त्याने मला अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत ऐकवली. एक शिपाई होता, त्याच्याकडे गाढव होतं. तो रोज गोळीबारातून जायचा, जखमी सैनिकाला गाढवावर बसवायचा आणि खाली समुद्रावर आणायचा. त्याने ३०० माणसं वाचवली आणि मग तो मेला.

मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पहिलं महायुद्ध शिकवताना गॅलिपोली हे नाव माझ्या तोंडून फार तर एकदा गेलं असेल, तेही 'दोस्तांचा पराभव' एवढ्याच संदर्भात. गाढववाला शिपाई मला माहीतच नव्हता.

२५ तारखेला पहाटे अंधारातच मुलगी-जावई आम्हाला 'श्राइन ऑफ रिमेंब्रन्स' या स्मारकावर घेऊन गेले. हे मोठं दगडी स्मारक १९३४ साली खुलं झालं. त्याच्या छताला एक झरोका अशा हिशेबाने ठेवलाय, की ११ नोव्हेंबरला, म्हणजे युद्ध थांबलं त्या दिवशी, सकाळी ११ वाजता उन्हाची तिरीप खालच्या शिळेवर कोरलेल्या 'प्रेम' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर पडावी. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव ज्यांनी पाहिलाय त्यांना यातली गंमत लगेच कळेल. त्या पहाटे हजारो माणसं होती, पण आवाज नव्हता. बिगुल वाजला, सगळे स्तब्ध उभे राहिले, उजाडलं आणि गर्दी पांगली. तेव्हा नातवाने माझा हात ओढत मला आवारातल्या एका पुतळ्यापाशी नेलं.

पुतळा ब्राँझचा आहे. फार मोठा नाही. एक लहानसं गाढव, त्याच्यावर कलंडलेला जखमी सैनिक, आणि त्याला एका हाताने सावरत शेजारून चालणारा माणूस. हातात बंदूक नाही, तलवार नाही. वॉलेस अँडरसन नावाच्या शिल्पकाराने हा पुतळा केला आणि १९३६ साली तो इथे बसला. अँडरसन स्वतःही त्या युद्धात सैन्यात होता. पुतळ्याचं नाव साधंच, 'गाढव घेऊन जाणारा माणूस'.

मी आजवर पाहिलेले युद्धाचे पुतळे बहुतेक सगळे घोड्यावरचे. गाढवाचा पुतळा पहिल्यांदाच पाहिला. आपल्याकडे गाढव म्हणजे शिवी. वर्गात मीही ती सढळ हाताने दिलेली आहे. पण त्या क्षणी मला आठवले ते आपले एकनाथ महाराज. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला न नेता वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतणारे. आपल्या परंपरेतही गाढवाला एवढा एक मान आहेच, असं मनात म्हटलं आणि त्या माणसाबद्दल वाचायला लागले. उरलेल्या मुक्कामात मुलीच्या घराजवळच्या लायब्ररीत माझा तोच उद्योग होता.

आता ती हकीकत सांगते.

त्याचं पूर्ण नाव जॉन सिम्पसन कर्कपॅट्रिक. ऑस्ट्रेलियाचा हा लाडका वीर मुळात ऑस्ट्रेलियन नव्हेच. ६ जुलै १८९२ रोजी इंग्लंडच्या उत्तरेला साउथ शील्ड्स या बंदराच्या गावात त्याचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी सुट्टीत तो समुद्रकिनाऱ्यावर मुलांना गाढवावरून फेऱ्या मारून आणायचं काम करायचा. आपल्या चौपाटीवर घोड्यांच्या फेऱ्या असतात, तसंच. म्हणजे गाढवाशी त्याची ओळख तेव्हापासूनची. वडील वारल्यावर तो जहाजावर कामाला लागला आणि १९१० साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरून पळाला. मग मिळेल ते काम. ऊसतोडणी केली, कोळशाच्या खाणीत राबला, बोटीच्या भट्टीत कोळसा ओढला. मिळकतीतले पैसे मात्र आईला आणि बहिणीला न चुकता पाठवत राहिला. त्याची पत्रं आजही जपून ठेवलेली आहेत. त्यांत आईची चौकशी आहे, तसा इंग्लंडातल्या बड्या लोकांवरचा रागही आहे. एकंदरीत भांडकुदळ, हसरा, पायाला भिंगरी असलेला पोरगा.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा तो पश्चिम ऑस्ट्रेलियात सैन्यात भरती झाला. देशप्रेम होतं की नाही कोण जाणे. सैन्याच्या बोटीतून फुकटात इंग्लंडला जाता येईल, आईला भेटता येईल, हा हिशेब त्यात होता असं त्याचे चरित्रकार सांगतात. जहाजावरून पळालेला असल्यामुळे असेल, पण भरती होताना त्याने कर्कपॅट्रिक हे आडनाव गाळलं आणि आईचं माहेरचं आडनाव लावून नुसता 'जॉन सिम्पसन' झाला. त्याला तिसऱ्या फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये घेतलं. फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे, वैद्यकीय पलटण. काम स्ट्रेचर उचलण्याचं. बोटी इंग्लंडला गेल्याच नाहीत. इजिप्तमध्ये उतरवून कवायत करून घेतली आणि तिथून त्यांना गॅलिपोलीला नेलं.

गॅलिपोली हा तुर्कस्तानातला चिंचोळा द्वीपकल्प. त्याच्या कुशीतल्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीतून वाट काढायची आणि थेट कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, गाठायचं असा इंग्रजांचा बेत होता. १८ मार्च १९१५ रोजी आरमाराने धडक मारून पाहिली, ती फसली. म्हणून २५ एप्रिलच्या पहाटे सैन्य किनाऱ्यावर उतरवलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून 'ॲन्झॅक' शब्द झाला, आणि ते जिथे उतरले त्या खाडीलाही तेच नाव पडलं. समोर सरळ कडे, वर तुर्की बंदुका. पुढचे आठ महिने हे सैन्य त्या किनाऱ्याला चिकटून राहिलं आणि डिसेंबरात रातोरात माघारी निघालं. ऑस्ट्रेलियाची ८ हजारांवर माणसं तिथे गेली. तुर्कांची त्याहून कितीतरी पटीने अधिक.

जखमी माणूस रणांगणावरून दवाखान्यापर्यंत कसा पोचतो, हे आपण सिनेमात कधी पाहत नाही. तिथे 'डॉक्टर!' असं ओरडलं की डॉक्टर येतो. प्रत्यक्षात खंदकातून उचलून आधी जवळच्या मलमपट्टीच्या जागेवर आणायचं, तिथून खाली समुद्रावरच्या तंबूत, तिथून होडीने मोठ्या जहाजावर. गॅलिपोलीत यातला मधला टप्पा सगळ्यात वाईट होता. श्रॅपनेल गली आणि तिला पुढे जोडून असलेली मोनाश व्हॅली ही समुद्रापासून आघाडीपर्यंत चढत जाणारी घळ. (हा मोनाश म्हणजे जनरल जॉन मोनाश. मेलबर्नच्या ज्या मोनाश विद्यापीठात आपल्याकडची मुलं शिकायला जातात, ते याच्याच नावाचं.) या घळीवर तुर्की नेमबाजांची नजर होती आणि वर तोफगोळे फुटायचे. स्ट्रेचर उचलायला दोन माणसं कमीत कमी लागत, चढ-उतारावर चारसुद्धा. स्ट्रेचर घेतलेल्या माणसाला वाकता येत नाही, पळता येत नाही, आडोशाला उडी घेता येत नाही. हात अडकलेले असतात.

उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी सिम्पसनला एक गाढव सापडलं. पाणी वाहण्यासाठी आणलेल्या गाढवांपैकी ते एक होतं. त्याने विचार केला असावा, की पायाला गोळी लागलेला माणूस बसू शकतो, त्याला झोपवून नेण्याची गरज नाही. गाढवावर बसवला तर चार माणसांचं काम एक माणूस करू शकतो. मग हाच त्याचा दिनक्रम झाला. वर जाताना पाणी न्यायचं, येताना जखमी आणायचा. रीतीप्रमाणे त्याने आपल्या तुकडीबरोबर राहायला हवं होतं. पण त्याचं काम पाहून अधिकाऱ्यांनी त्याला मोकळं सोडलं. त्याने गाढवाला डफी, मर्फी अशी नावं ठेवली होती. एकच गाढव होतं की वेळोवेळी बदललं, यावर एकमत नाही.

हे चाललं एकूण २४ दिवस. १९ मे १९१५ रोजी तुर्कांनी सुमारे ४२ हजार सैनिकांनिशी मोठा हल्ला केला. त्यांचेच जवळपास १० हजार लोक त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले. इतके, की २४ मे रोजी दोन्ही बाजूंनी युद्ध थांबवून मृतांना पुरलं. त्या १९ तारखेच्या सकाळी सिम्पसन नेहमीसारखा घळीत गेला. पाण्याच्या पहाऱ्यापाशी न्याहारी तयार नव्हती, तेव्हा येताना जेवतो म्हणून पुढे गेला, अशी आठवण सांगतात. परतताना मशीनगनची गोळी लागली. वय वर्षं २२. किनाऱ्याजवळच्या 'बीच सिमेटरी'त त्याची कबर आहे. दुसऱ्याच दिवशी मोनाशने वरच्या अधिकाऱ्यांना त्याच्याबद्दल मुद्दाम लिहून कळवलं. सैन्याच्या खलित्यात त्याचा उल्लेख झाला, पदक मात्र मिळालं नाही.

इथवर वाचून मी नातवाला अभिमानाने सांगितलं, "तुझ्या बाईंनी सांगितलं ते बरोबर आहे." पण आणखी वाचलं तशी मी जरा अडखळायला लागले.

पहिली गोष्ट, ते ३०० माणसांचं. ग्रॅहम विल्सन नावाच्या तिकडच्या इतिहासकाराने २०१२ साली एक आख्खं पुस्तक लिहून या कहाणीतला फुगवटा दाखवून दिला. २४ दिवस, ती घळ, एक गाढव. हिशेब मांडला तर ३०० चा आकडा बसत नाही. शिवाय गाढवावर बसू शकणारा जखमी हा सगळ्यात अत्यवस्थ जखमी नसतोच. अत्यवस्थ माणसं स्ट्रेचरवरूनच गेली, आणि ते स्ट्रेचर उचलणाऱ्यांची नावं कोणाला पाठ नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक. सिम्पसनचं म्हणून जे चित्र घराघरांत पोचलं, ते त्याचं नाहीच. न्यूझीलंडच्या होरेस मूर-जोन्स या चित्रकाराने १९१८ साली एका फोटोवरून ते रंगवलं आणि त्याला सिम्पसनचं नाव दिलं. तो फोटो होता डिक हेंडरसन या न्यूझीलंडच्या शिपायाचा. हाही स्ट्रेचरवालाच. सिम्पसन गेल्यावर याने गाढव घेऊन तेच काम पुढे चालवलं. हेंडरसनला नंतर फ्रान्समध्ये गोळीबारातून जखमींना आणल्याबद्दल पदक मिळालं. नंतर विषारी वायू लागला, पुढे दृष्टी गेली. १९५८ पर्यंत तो जगला. म्हणजे आयुष्याची कितीतरी वर्षं त्याचं स्वतःचं चित्र दुसऱ्याच्या नावाने भिंतीवर टांगलेलं होतं. १९९० साली वेलिंग्टनमध्ये त्याचा गाढवासकट पुतळा झाला, तेव्हा कुठे ती चूक दुरुस्त झाली.

सिम्पसनचा मान वाढतच गेला. १९६५ साली त्याच्या चित्राची तिकिटं निघाली. १९८८ साली कॅनबेराच्या युद्धस्मारकासमोर पीटर कॉर्लेट यांनी केलेला त्याचा पुतळा उभा राहिला. जन्मगावी साउथ शील्ड्सलाही आहे. १९९७ साली तर गाढवालासुद्धा प्राण्यांसाठीचं शौर्यपदक मिळालं! मग लोकांनी सरकारला विचारायला सुरुवात केली, गाढवाला पदक आणि माणसाला नाही? सिम्पसनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळावा म्हणून मागण्या झाल्या. शेवटी अशा जुन्या प्रकरणांची चौकशी एका लवादाकडे गेली. २०१३ साली त्याचा निकाल आला. त्यांनी पदक नाकारलं. कारण वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. लवादाच्या म्हणण्याचा सारांश असा, की सिम्पसन शूर होता यात शंका नाही, पण त्याच्या पलटणीतले सगळेच स्ट्रेचरवाले तितकेच शूर होते. तो त्यांचा प्रतिनिधी.

हा नकार आहे की सगळ्यांचा एकदम सन्मान? मला अजून ठरवता आलेलं नाही. शिक्षिका म्हणून वाटतं निकाल बरोबर आहे. आजी म्हणून वाटतं, द्यायला काय जात होतं!

तिसरी गोष्ट आपल्या लोकांची. सिम्पसन आपल्या पलटणीबरोबर राहत नसे, मग राहायचा कुठे? तो राहायचा हिंदी सैनिकांबरोबर. २१ वी कोहाट माउंटन बॅटरी ही आपल्या हिंदी सैन्याची तुकडी तिथे होती. शीख आणि पंजाबी मुसलमान शिपाई सुट्या केलेल्या तोफा खेचरांवर लादून डोंगरात नेत. खेचरं असल्यामुळे त्यांच्याकडे चारा होता. गाढवाची सोय झाली आणि गाढवामागून माणसाची. तो त्यांच्यातच झोपे, त्यांच्यातच जेवे. त्या लोकांनी त्याला नाव ठेवलं, 'बहादूर'.

हे वाचलं आणि मला एकदम आपल्या घरातलं कोणी भेटल्यासारखं झालं. ज्याला आपल्या सैन्याने मरणोत्तर पदक दिलं नाही, त्याला परक्या शिपायांनी जिवंतपणी, चपाती वाढता वाढता, पदवी देऊन टाकली होती. आणि ती देणारे कोण, तर ज्यांना गॅलिपोलीच्या गोष्टीतून सगळेच विसरले ते. पीटर स्टॅनली या ऑस्ट्रेलियन इतिहासकाराने त्यांच्यावर पुस्तक लिहिलं तेही २०१५ साली, म्हणजे १०० वर्षांनी. तिथे १५ हजारांहून अधिक हिंदी सैनिक होते. शीख, गुरखे, पंजाबी मुसलमान, आणि रोज रात्री अंधारात खेचरांच्या गाड्यांतून पाणी आणि दारूगोळा वर पोचवणारे गाडीवान. दीड हजाराच्या आसपास परत आले नाहीत. कित्येकांची नावं तिथल्या हेलेस स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांच्या नावाची बिस्किटं मात्र कोणी करत नाही.

आपल्या मुलखाचाही त्या युद्धाशी संबंध आहे. त्याच वर्षी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, इंग्रजांची जी फौज तुर्कांशी लढत होती, तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर तिथले जखमी स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांतून मैलोन्‌मैल हादरे खात नदीपर्यंत नेले गेले. त्यावरून पुढे इंग्लंडमध्ये चौकशी आयोग बसला. युद्धात माणूस गोळीने मरतो तसा तो नेण्याची सोय नसल्यानेही मरतो. म्हणून उचलून नेणाऱ्याचं मोल. आपल्याकडे हिंदी सैन्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या डोलीवाल्या भोयांचं. त्यांच्या नावाचा पुतळा माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता आपल्या गेटपाशी येते.

मी हे सगळं एका रात्री नातवाला सोपं करून सांगत होते. तो ऐकत होता, आणि मध्येच म्हणाला, "आजी, आई म्हणते आजोबांना पण असंच कोणीतरी खाली आणलं होतं." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "त्याचं नाव काय?"

२०१२ चा पावसाळा. जुन्या लोकांना ती रात्र आठवत असेल. आमच्या ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. लाईट गेलेले, लिफ्ट बंद, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. ॲम्ब्युलन्स गेटवर आली, पण तिचं स्ट्रेचर आपल्या जिन्याच्या वळणावर फिरेना. तेव्हा रात्रपाळीचे वॉचमन मामा वर आले. त्यांनी आमच्या गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची उचलली, ह्यांना तिच्यात बसवलं, चादरीने बांधलं, आणि इस्त्रीवाल्यांना झोपेतून उठवून आणून दोघांनी मिळून ती खुर्ची तीन जिने खाली उतरवली. मामा पुढून, उलटे चालत, पाठीने अंधार चाचपत. मी मागून मोबाईलचा उजेड धरला होता. "बाई, उजेड पायावर धरा, तोंडावर नको," एवढंच ते बोलले. खाली आल्यावर त्यांच्या पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. हे त्यानंतर सहा वर्षं जगले. त्या सहा वर्षांत मुलीचं बाळंतपण झालं, नातू त्यांच्या मांडीवर खेळला, रात्री झोपताना गोष्ट म्हणून मनाचे श्लोक ऐकवण्याचा त्यांचा हट्टही त्याने सोसला. आता जो मला प्रश्न विचारत होता, तो हाच नातू.

आणि मला उत्तर देता आलं नाही. मामा. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. मी त्यांना दिवाळीला धोतरजोडी आणि पाकीट दिलं, ह्यांनी दर महिन्याला चहाचे पैसे दिले, पण पूर्ण नाव कधी विचारलं नाही. ३१ वर्षं मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या आणि ज्याच्यामुळे माझं कुंकू सहा वर्षं टिकलं, त्याचं नाव मला सांगता येईना.

परत आल्यावर ऑफिसात जाऊन जुनी रजिस्टरं काढून पाहिली. सोसायटीचे कामगार एजन्सीकडून यायचे, त्यामुळे आपल्या वह्यांत फक्त 'वॉचमन, रात्र' एवढीच नोंद आणि पुढे रक्कम. २०१५ साली ते गावी गेले. कोणी म्हणतं बीडकडचे, कोणी म्हणतं जालन्याकडचे. इस्त्रीवाल्यांचं दुकान आता चौकात आहे, त्यांची भेट झाली. त्यांनाही मामांचं आडनाव ठाऊक नाही. मात्र ते एक गोष्ट सांगून गेले, जी मला माहीत नव्हती. त्या रात्रीनंतर पुढच्या तीन वर्षांत मामांनी तशीच आणखी दोन माणसं आपल्या इमारतींतून खाली आणली. त्यांतले एक काका वाचले नाहीत, त्यामुळे ती गोष्ट कोणी फारशी काढली नाही. मी हा आकडा वाढवून सांगणार नाही. तीन म्हणजे तीन.

रौप्यमहोत्सवानिमित्त आपण गेटपाशी संगमरवरी फलक लावणार आहोत. त्यावर आजवरच्या सर्व कार्यकारिणींची नावं येणार आहेत. यावीतच. अध्यक्ष-सेक्रेटरीपद म्हणजे बिनपगारी शिव्या खाण्याचं काम, हे मी जवळून पाहिलंय. पण खाली एक ओळ मोकळी ठेवावी, अशी विनंती मी कमिटीला केली आणि ती मान्य झाली, याबद्दल आभार. कोणी सुचवलं की 'सर्व कर्मचारी बंधू' असं लिहून टाकू. मी नको म्हटलं. तो लवादाच्या निकालासारखा न्याय झाला. सगळ्यांचा मान, आणि नाव कोणाचंच नाही. कर्मचाऱ्यांची जेवढी नावं मिळतील तेवढी सगळी यावीत, मामांचंही यावं, त्यांच्याबरोबर खुर्ची धरणाऱ्या इस्त्रीवाल्यांचंही यावं.

तर हा लेख म्हणजे खरं तर एक जाहीर निवेदन समजा. ज्यांच्याकडे मामांच्या गावाचा पत्ता, फोन नंबर, एखादा गणपतीतला फोटो असेल, त्यांनी तो ऑफिसात किंवा माझ्याकडे आणून द्यावा. फोटोत ते कडेला, टेबलाजवळ खुर्च्या लावताना दिसण्याची शक्यता जास्त, तिथे आधी बघा. फलक बसायला अजून दीड महिना आहे. नातू दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारतो, "आजी, नाव मिळालं?"